विहिरीला वास येतो. पुरावा कोणी द्यावा?

काही महिन्यांपूर्वी शिरूर तालुक्यातील एक गृहस्थ थंड पेयाची रिकामी बाटली विहिरीच्या पाण्याने भरून माझ्या कचेरीत आले. बरोबर त्यांची वृद्ध आई होती. ह्या कुटुंबाने नुकतीच धम्मदीक्षा घेतलेली आहे. वस्तीजवळ त्यांची दीड एकर जमीन असून वडिलांनी स्वतःच्या अंगमेहनतीने खोदलेली विहीर आहे. वस्तीच्या वरच्या अंगास, सडकेला लागून, एक जुना पेट्रोल पंप आहे. प्रथम म्हशीने त्या पाण्याला तोंड लावण्याचे सोडले. पुढे घागरीला रॉकेलसारखा वास येऊ लागला. त्यांनी पाणी तपासून घेतले. अहवाल आला: कठीणपणा, क्षार, नायट्रेट, जंतू, सर्व काही मर्यादेत, पाणी पिण्यास योग्य. पंपावर विचारणा केली, तेव्हा ‘तुमच्याच इंजिनाचे डिझेल सांडले असेल’ असे उत्तर मिळाले. गावात कोणी टोमणाही मारला की, ह्यांनी धर्म बदलला, आता तक्रारीही नव्या सुचू लागल्या.

त्या माउलीने मला एकच प्रश्न विचारला. “वकीलसाहेब, कागद खरा की माझे नाक खरे?”

मी म्हणालो, “आई, दोन्ही खरी आहेत. कागदाला जे विचारले तेवढेच त्याने सांगितले. तुमच्या नाकाला जे कळले ते कागदाला कोणी विचारलेच नाही.”

वाचकहो, आजचा हा लेख त्या एका उत्तराचा विस्तार आहे. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे शिरूर आणि दौंड ह्या दोन तालुक्यांत, पुणे–अहिल्यानगर व पुणे–सोलापूर ह्या दोन मोठ्या सडकांच्या आजूबाजूस राहतात. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव ही गावे एका सडकेवर. यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ ही दुसरीवर. ह्या सडकांवरून आपण दररोज जातो. वाहने तेथे तेल भरतात, हे आपण पाहतो. परंतु ते तेल जमिनीखालच्या पोलादी टाक्यांत साठवलेले असते, आणि त्याच जमिनीखाली आपले पिण्याचे पाणीही असते, ह्या गोष्टीचा विचार आपण क्वचितच करतो. तो विचार करण्याची वेळ आली आहे.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. पंपाखालच्या एका टाकीत सामान्यतः वीस हजार लिटरांच्या आसपास इंधन मावते. टाकी जुनी व एकपदरी असेल, तर ओलाव्याने तिला गंज चढतो. कधी टाकी शाबूत असते, पण नळीचा सांधा सुटतो. कधी टँकर रिकामा करताना तेल ओसंडते. सेकंदाला एक थेंब गळला, तरी दिवसाला चार लिटरांवर आणि वर्षाला दीड हजार लिटरांच्या घरात इंधन जमिनीत जाते. हे पंपचालकाच्या लक्षात यावयास नको काय? अवश्य यावे. परंतु टाकीत गज घालून मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर हिशेबात दहा-पंधरा लिटरांचा फरक पडतो. शिवाय बाष्पीभवनामुळे थोडी घट गृहीतच धरलेली असते. सबब लहान गळती हिशेबाच्या वहीत दीर्घकाळ लपून राहू शकते.

आता ह्या इंधनातील विष पाहा. पेट्रोलमध्ये बेंझीन नावाचा पदार्थ असतो. आजच्या मानकाप्रमाणे तो शेकडा एकपर्यंत असू शकतो. बेंझीनमुळे मनुष्यास रक्ताचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निश्चितपणे मान्य केलेले आहे. त्याच संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझीनची मर्यादा एका लिटरास ०.०१ मिलिग्रॅम इतकी अल्प ठेवली आहे. ह्याचा हिशेब आपण घरी मांडून पाहू शकता. एका लिटर पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त दहा मिलिलिटर, म्हणजे वजनाने पावणेनऊ ग्रॅमच्या सुमारास बेंझीन असते. एवढे बेंझीन आठ लाख लिटरांहून अधिक पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊन पोहोचविण्यास पुरेसे आहे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल, तर ते सुमारे एक लाख चाळीस हजार लिटर भरते. अशा सहा विहिरींस एक लिटर पेट्रोल पुरते! प्रत्यक्षात काही बेंझीन उडून जाते, काही मातीतील जंतू खाऊन टाकतात, हे खरे. तथापि प्रमाण लक्षात यावे म्हणून हा हिशेब दिला.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. केवळ बेंझीन पाण्यात नाकाला जाणवण्यासाठी ते सुरक्षित मर्यादेच्या शेकडो पटींनी अधिक असावे लागते. म्हणून वास आला तर सावध व्हावेच. परंतु वास गेला म्हणजे विष गेले, असे समजू नये.

आपल्या भागातील जमीन ह्या बाबतीत अधिकच अवघड आहे. शिरूर घोड नदीच्या काठी, दौंड भीमेच्या काठी. दोन्ही तालुके पर्जन्यछायेतील. वर थोडी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, अशी आपली भूमी आहे. काळ्या पाषाणात पाणी वाळूतल्यासारखे सर्वत्र सारखे पसरत नाही. ते मुरमाच्या थरातून आणि खडकाच्या भेगांतून वाहते. त्यामुळे पंपाला लागून असलेली विहीर स्वच्छ राहील आणि चार शेते पलीकडची विहीर बिघडेल, असे घडू शकते. ‘अमक्याच्या विहिरीला वास नाही, मग तुमच्याच विहिरीला कसा?’ हा प्रश्न ऐकून आपले लोक गप्प बसतात. ह्या प्रश्नाचे उत्तर खडकाच्या भेगेत आहे. तसेच शेजारच्या शेतात मोठी मोटर दिवसरात्र चालू असेल, तर जमिनीखालचे पाणी तिच्याकडे ओढले जाते व विषही त्याच वाटेने जाते.

पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने ते भूजलाच्या पृष्ठावर तरंगते. उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली गेली की तेही खाली उतरते व मुरमास चिकटून राहते. पावसाळ्यात पातळी वर आली की ते पुन्हा पाण्यात मिसळू लागते. म्हणून एकदाच केलेल्या तपासणीवर विसंबून चालत नाही. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा तपासणी व्हावयास हवी.

आपल्या ह्या ऊसपट्ट्यास आणखी एक गोष्ट ठाऊक असली पाहिजे. उसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे धोरण देशात स्वीकारले गेले असून २०२५ साली हे मिश्रण शेकडा वीसपर्यंत पोहोचले. त्यात शेतकऱ्याचे हित आहे, त्यास आमचा विरोध नाही. परंतु असे मिश्रण जमिनीत गळले, तर मातीतील जंतू प्रथम इथेनॉल खातात व त्या कामी तेथील प्राणवायू संपवितात. त्यामुळे बेंझीन मागे उरते आणि अधिक दूरवर वाहत जाऊ शकते. इंधन बदलले, तेव्हा तपासणीचे नियमही त्यानुसार कडक व्हावयास नकोत काय?

कोणी म्हणेल, हे सारे पुस्तकी भय आहे. इंधन विहिरीत आल्याचे कोणी पाहिले? त्याचे उत्तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये सातारा जिल्ह्याच्या फलटण तालुक्यातील सासवड गावी मुंबई–पुणे–सोलापूर ह्या भूमिगत इंधनवाहिनीला चोरट्यांनी भोक पाडले. चोरीचे पेट्रोल त्यांनी नेले. पण वाहिनीतून गळालेले पेट्रोल शेतात पसरले, उभी पिके जळाली आणि आसपासच्या विहिरींत पेट्रोल उतरले. तेथे वाहिनीत मोठा दाब होता, म्हणून गळती लवकर उघडकीस आली आणि पोलीस तपास होऊन आरोपी पकडले गेले. टाकीच्या गळतीत चोर नसतो, दाब नसतो, गवगवा नसतो. म्हणूनच ती वर्षानुवर्षे चालू राहू शकते. अमेरिकेत १९८४ साली भूमिगत टाक्यांसाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद करावी लागली आणि जुन्या टाक्या सुधारण्यास अथवा बंद करण्यास १९९८ च्या अखेरीची मुदत घालून द्यावी लागली. तेथे आजवर नोंदल्या गेलेल्या गळत्यांची संख्या पाच लाखांहून अधिक आहे. तेथील टाक्या गळतात आणि आमच्या गळत नाहीत, असे समजण्यास काही आधार आहे काय? फरक एवढाच की, तेथे शोध घेतला गेला.

मग शोध कसा घ्यावयाचा? ही कामगिरी तज्ज्ञांची आहे. परंतु तिचा क्रम आपणास माहीत असेल, तर कोणी आपली दिशाभूल करू शकणार नाही. प्रथम पंपाच्या आसपासच्या सर्व विहिरी, कूपनलिका व हातपंप ह्यांची नोंद व नकाशा करावा लागतो. दुसरे, टाक्या कोणत्या साली पुरल्या, किती पदरी आहेत, कधी बदलल्या, हा इतिहास काढावा लागतो. तिसरे, रोजच्या साठ्याची वही तपासून आलेला माल, विकलेला माल आणि टाकीतील शिल्लक ह्यांचा मेळ घालावा लागतो. चौथे, टाकी व नळ्या दाब देऊन घट्ट आहेत की नाहीत, हे पाहावे लागते. पाचवे, जमिनीत भोके घेऊन मातीतील वायू व माती तपासावी लागते. सहावे, निरीक्षणासाठी निदान तीन ठिकाणी कूपनलिका घ्याव्या लागतात. कारण तीन ठिकाणच्या पातळ्या कळल्याशिवाय भूजल कोणत्या दिशेने वाहते हे ठरत नाही, आणि आपल्या खडकात तीनही अपुऱ्या पडू शकतात. शेवटी पाण्याची तपासणी बेंझीन, टोल्युईन, एथिलबेंझीन, झायलीन आणि एकूण पेट्रोलियम द्रव्ये ह्यांसाठी करावी लागते. आमच्या त्या गृहस्थांच्या अहवालात ह्यापैकी एकाचेही नाव नव्हते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात खनिज तेलाची मर्यादा दिलेली आहे. परंतु नेहमीच्या तपासणीत ती कसोटी सहसा लावली जात नाही. मागितल्याशिवाय मिळत नाही, ही गोष्ट आपल्या समाजाला नव्याने सांगावयास नको.

नमुना घेण्याची रीतही महत्त्वाची आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीत अर्धवट भरलेले पाणी उन्हातून नेले, तर त्यातील उडून जाणारे द्रव्य वाटेतच नाहीसे होते आणि अहवाल निर्दोष येतो. ह्या तपासणीसाठी प्रयोगशाळेकडून मिळणारी लहान काचेची कुपी वापरावी, ती हवेचा बुडबुडाही न राहील अशी काठोकाठ भरावी, बर्फात ठेवावी आणि सांगितलेल्या मुदतीत पोहोचवावी. घेताना ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी व दोन साक्षीदार ह्यांच्यासमक्ष पंचनामा करावा. दिनांक, वेळ, पाण्याची खोली व वास ह्यांची नोंद करावी. आपण घेतलेला नमुना मंडळाने कायदेशीर पद्धतीने घेतलेल्या नमुन्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु मंडळास जागे करण्यास तो पुरेसा आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज करून मंडळाकडूनच नमुने घेण्याची मागणी करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. खडक व पाण्याचा प्रवाह ह्यांविषयी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मत मागावे. तिचे मुख्य कार्यालय पुण्यातच आहे.

आणि चौकशी होईपर्यंत? ते पाणी पिऊ नये, त्यात स्वयंपाक करू नये, जनावरांस पाजू नये. उकळल्याने ते शुद्ध होत नाही. उलट त्यातील वाफ घरात पसरते. विहिरीत कोणी उतरू नये व काठावर बिडी अथवा काडी पेटवू नये. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने तळाशी साचते, आणि तिने गुदमरणे व भडका उडणे हे दोन्ही संभवते. पर्यायी पाण्याची मागणी ग्रामपंचायत व तहसीलदार ह्यांच्याकडे त्याच दिवशी लेखी करावी.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. पुरावा कोणी द्यावा?

आपणा सर्वांस २० मार्च १९२७ चा महाडचा दिवस ठाऊक आहे. परंतु चवदार तळ्याचा लढा त्या दिवशी संपला नव्हता, हे पुष्कळांच्या विस्मरणात जाते. तो पुढे दहा वर्षे न्यायालयांत चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात त्याचा निकाल लागला. तेथे प्रश्न काय होता? तळ्यावर अस्पृश्यांना बंदी करण्याची अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असे सांगणाऱ्यांनी ती सिद्ध करावयाची होती. त्यांना ती सिद्ध करता आली नाही, आणि ते हरले. पाणी पिणाऱ्याने आपला हक्क सिद्ध करावा, असे न्यायालयाने म्हटले नाही. पाणी अडविणाऱ्यावर ते ओझे पडले. वकील ह्या नात्याने मला त्या निकालातील ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

आज आपल्या विहिरीवर कोणी पहारा बसविलेला नाही. पण पाणी पिता येत नसेल, तर हक्क कागदावर राहतो. मग आज पुराव्याचे ओझे कोणावर? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य ह्या प्रकरणात प्रदूषणमुक्त पाणी हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. १९९६ साली वेल्लोरच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, आपले कृत्य पर्यावरणास घातक नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ते कृत्य करणाऱ्यावर आहे, आणि प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० ह्याने ही तत्त्वे लेखी केली. इतकेच नव्हे तर अपघाताच्या बाबतीत चूक कोणाची हे सिद्ध न करताही भरपाईची तरतूद केली. सबब ‘तुमच्याच इंजिनाचे डिझेल असेल’ असे म्हणून पंपाने मोकळे होता येत नाही. टाकी घट्ट आहे, साठ्याचा मेळ बसतो, हे त्याने दाखवावयाचे आहे. आपण एवढेच दाखवावे की विहिरीत इंधनाचे द्रव्य आहे आणि ते साठविणारा जवळ आहे. पुढचे उत्तर त्याने द्यावे. ह्या लेखाचे सार एवढेच आहे.

तत्त्व आपल्या बाजूने आहे म्हणून न्याय आपोआप मिळेल, असे मात्र समजू नका. राजस्थानात उदयपूरजवळील बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांच्या घाणीने निकामी झाल्या. १९८९ साली खटला दाखल झाला, १९९६ साली कारखानदारांवर जबाबदारी ठरली, आणि तरीही अर्जावर अर्ज करून त्यांनी अंमलबजावणी लांबविली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयास पुन्हा कठोर आदेश द्यावा लागला. ज्यांच्या विहिरी गेल्या त्यांची एक पिढी ह्यात सरली. म्हणून पहिल्या दिवसापासून कागद जपावेत आणि मुदत चुकवू नये.

मुदती ध्यानात ठेवा. हरित न्यायाधिकरणाकडे पर्यावरणाच्या वादाचा अर्ज कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत आणि नुकसानभरपाईचा अर्ज पाच वर्षांत करावयाचा असतो. सबळ कारण असल्यास साठ दिवसांची सवलत मिळू शकते. ह्या न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे. दिल्लीस जाण्याचे कारण नाही. पाणी प्रदूषण प्रतिबंधक अधिनियम, १९७४ ह्याच्या २४ व्या कलमाने विहिरीत विषारी द्रव्य जाऊ देण्यास बंदी केली आहे, आणि त्या कायद्यात प्रवाह ह्या शब्दात भूमिगत पाण्याचाही समावेश आहे. तातडीच्या प्रसंगी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमाखाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे उपद्रव दूर करण्याचा आदेश मागता येतो. पेट्रोल साठविण्याचा परवाना देणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय नागपुरात आहे, आणि जागेविषयीचे ना-हरकत प्रमाणपत्र जिल्हा प्रशासन देते. ही कागदपत्रे माहितीच्या अधिकारात मागता येतात. मागितलेली माहिती जीविताशी संबंधित असेल, तर ती अठ्ठेचाळीस तासांत देण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. अर्जात तसे स्पष्ट लिहावे.

नवदीक्षित बंधुभगिनींना एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्याविषयी पुष्कळ गैरसमज पसरविले जातात. धम्म स्वीकारल्याने अनुसूचित जातीचे संरक्षण गेले, असे सांगून आपणास घाबरविले जाते. १९९० साली संसदेने कायदा करून बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींस ते संरक्षण दिलेले आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ ह्याच्या १२ व्या कलमानुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीस मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यास उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे अर्ज करा. जातीचा दाखला व्यवस्थित करून ठेवा.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याविषयीही विचारणा होते. अनुसूचित जातीचे लोक वापरतात ते पाणी घाण करणे हा त्या कायद्यात गुन्हा आहे, हे खरे. तथापि टाकी गंजून झालेली गळती आणि द्वेषबुद्धीने केलेली घाण ह्या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला दुसरीचे नाव दिल्यास खटला टिकत नाही आणि खऱ्या तक्रारीचेही वजन जाते. परंतु आपली विहीर बिघडली म्हणून आपण गावच्या सार्वजनिक विहिरीवर अथवा नळावर गेलो आणि जातीवरून कोणी अडविले, तर तो कायदा निःसंशय लागू होतो. तेथे कचरू नये.

पंपचालक हा आपला शत्रू आहे, असेही मी म्हणत नाही. पंपांच्या वाटपात अनुसूचित जातींसाठी राखीव जागा असतात. आपलेही काही तरुण हा व्यवसाय करतात. टाक्या पुष्कळदा तेल कंपनीच्या मालकीच्या असतात आणि त्या बदलणे चालकाच्या हाती नसते. आपल्या तरुणांस माझे सांगणे आहे की, साठ्याची वही प्रामाणिकपणे लिहा आणि मेळ बसेनासा झाला की त्याच दिवशी कंपनीस लेखी कळवा. गळती लवकर सापडली, तर माती उकरून, वायू शोषून, तरंगते तेल उपसून जमीन सुधारता येते. उशीर झाला, तर खर्चही वाढतो आणि विहीरही जाते.

शासनाकडे आमच्या तीन मागण्या आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ७ जानेवारी २०२० रोजी नव्या पंपांसाठी मार्गदर्शक नियम काढले आणि शाळा, दवाखाने व वस्ती ह्यांपासून पन्नास मीटरांचे अंतर सांगितले. अडचण असल्यास अधिक सुरक्षेच्या अटीवर ते कमी करता येते, पण तीस मीटरांहून कमी नाही. हे नव्यांसाठी झाले. जुन्या पंपांचे काय? म्हणून पहिली मागणी: जुन्या एकपदरी टाक्यांची यादी तालुकावार जाहीर करून त्या बदलण्याची मुदत ठरवावी. दुसरी: पंपाजवळच्या पिण्याच्या विहिरींची बेंझीन व पेट्रोलियम द्रव्यांसाठी वर्षातून दोनदा तपासणी व्हावी, तिचा खर्च तेल कंपनीने द्यावा आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. तिसरी: नवा पंप सुरू होण्यापूर्वी आसपासच्या विहिरींचे पाणी तपासून नोंदवावे, म्हणजे पुढे ‘हे पूर्वीपासूनच होते’ असे म्हणण्यास जागा राहणार नाही. कुरकुंभच्या रासायनिक वसाहतीभोवती आणि रांजणगावच्या परिसरात विहिरींच्या पाण्याविषयी तक्रारी वर्षानुवर्षे चालू आहेत. तेथे पूर्वीची नोंद हाती नसणे किती महाग पडते, हे तेथील ग्रामस्थांस विचारा.

त्या माउलीच्या विहिरीचा दुसरा नमुना आम्ही काचेच्या कुपीत, बर्फात, साक्षीदारांसमक्ष घेतला. ह्या वेळी प्रयोगशाळेस योग्य तोच प्रश्न विचारला होता, आणि पेट्रोलियम द्रव्ये आढळली. प्रकरण आता न्यायाधिकरणापुढे जाण्याच्या मार्गावर असल्याने अधिक लिहिणे उचित नाही. कुटुंब सध्या टँकरचे पाणी पिते आणि म्हैस शेजाऱ्याच्या हौदावर जाते. अहवाल मी त्यांना वाचून दाखविला, तेव्हा ती माउली एवढेच म्हणाली, “म्हणजे माझे नाक खोटे नव्हते.”

वाचकहो, आपल्या वस्तीत एखाद्याच्या पाण्याला वास येत असेल, तर त्याला हसू नका आणि एकटे सोडू नका. त्याच्याबरोबर पंचनाम्यास उभे राहा, अर्जावर सही करा, पोच जपून ठेवा. पूर्वजांनी पाण्याला हात लावण्याचा हक्क न्यायालयात टिकविला. ते पाणी निर्मळ राखण्याचे काम आता आपले आहे.

जय भीम!